सशांच्या दिवाळीसाठी बनवून घेतलेली लाकडी पेटी : वापरून मग लिहिते आहे

पाळीव सशांना लपायला लाकडी पेटी हवी म्हणून गेल्या वर्षी नवरात्रात मी ती मुद्दाम बनवून घेतली. आमच्या जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला एक मिस्तरी आहेत. देव्हारे, चौरंग, दाराच्या चौकटी अशी कामं करतात. लाकूड, मजुरी, बिजागऱ्या सगळं धरून 1,900 रुपये झाले. त्यानंतर दिवाळी गेली, कार्तिकी एकादशीला आमच्या गावातून निघणारा रामाचा रथ गेला, तुळशीची लग्नं झाली आणि माणसांच्या लग्नसराईतल्या वराती तर चालूच असतात. म्हणजे फटाक्यांचा पूर्ण हंगाम पेटीने काढलाय. ज्यांच्या घरी ससे आहेत आणि धनत्रयोदशी जवळ आली की ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते.

माझ्याकडे दोन ससे आहेत. बोंड पांढराशुभ्र, कळणी राखाडी. दोघं जोडीनेच राहतात, एकमेकांना चाटतात, झोपतातही चिकटून. घर रस्त्याला लागून, गल्ली अरुंद, त्यामुळे समोर लावलेली लड आमच्याच ओट्यावर फुटल्यासारखी वाटते.

आधी पेटीच का, ते सांगते. कुत्रा घाबरला की माणसाजवळ येतो, भुंकतो, निदान आपल्याला कळतं. ससा तसा नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे घाबरला की एक तर जागच्या जागी थिजतो, नाही तर जीव घेऊन पळतो. मागचा पाय जमिनीवर जोरात आपटतो, तो त्याचा बाकीच्यांना इशारा असतो. पळायला जागा नसेल तर भिंतीवर, सळ्यांवर आपटून घेतो. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के असतो आणि मागच्या पायांत ताकद मात्र प्रचंड. घाबरून हातात लाथ झाडली तरी त्याचा स्वतःचा कणा मोडू शकतो. म्हणून फटाके वाजायला लागले की "अरे माझं बाळ" म्हणून उचलून छातीशी धरायचं नाही. हे घरातल्या लहान मुलांना आणि मोठ्यांना, दोघांनाही आधीच बजावून ठेवा. माया करायचीच तर जमिनीवर बसून, त्याला आपण होऊन जवळ येऊ देऊन करा.

ज्यांनी हे ससे आम्हाला दिले त्यांनी सोबत तारेचा पिंजराही दिला होता, पेट शॉपमध्ये सगळीकडे मिळतो तसलाच. त्याच्यावर मी कडक शब्दांत लिहिणार आहे. चारही बाजूंनी उघडा, त्यामुळे आकाशात उडालेला प्रत्येक उजेड थेट डोळ्यांत. तळाला जाळी, म्हणजे सशाच्या तळपायांना सतत तार टोचणार आणि जखमा होणार, कारण कुत्र्या-मांजरासारखी गादी सशाच्या पायाला नसते, नुसते केस असतात. आधीच्या दिवाळीत बोंडने त्यात धडका मारून नाकाची कातडी सोलून घेतली होती. आता त्या पिंजऱ्यात मी कांदे ठेवते. पिंजरा कितीही महाग घ्या, फटाक्यांच्या रात्री तो सशाला आडोसा देत नाही, आणि त्याला हवा असतो तो आडोसाच.

आता पेटी. लांबी अडीच फूट, रुंदी दीड फूट, उंची सव्वा फूट. आंब्याच्या पाऊण इंची फळ्या. प्लायवूड आणि सनमायका नको असं मी आधीच सांगितलं होतं, कारण ससा कुरतडणारच. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी लागतंच. प्लायमधला डिंक आणि वरचा थर त्याच्या पोटात जायला नको. त्याच कारणाने पॉलिश नाही, प्रायमर नाही, रंग नाही. नुसता रंधा आणि वरून पॉलिश पेपर. खिळ्यांऐवजी स्क्रू, तेही डोकी लाकडात बसवून.

माप सांगितलं तेव्हा मिस्तरींनी टेप खाली ठेवला आणि विचारलं, "ताई, ससाले इतलं मोठं घर कसाले?" मी म्हटलं, "दादा, दोघं आहेत. दोघांना पाय ताणून आडवं होता आलं पाहिजे आणि आत वळताही आलं पाहिजे." दोन दारं का, हेही त्यांनी विचारलं. एकच दार असलं की ससा आत अडकल्यासारखा होतो, आणि जोडीतला एक दारात बसला की दुसऱ्याची वाट बंद. हे ऐकल्यावर त्यांनीच सुचवलं की एक दार पुढे ठेवू आणि दुसरं आडव्या बाजूला, म्हणजे सरळ आरपार उजेड जाणार नाही. दारं सात इंच रुंद, आठ इंच उंच. दारांच्या कडा त्यांनी गोल घासून दिल्या, मी सांगितलं नसताना. हे काम करणाऱ्या माणसाने प्राण्याचा विचार केला, त्याचे पैसे मला जास्त वाटत नाहीत. वरचं झाकण सपाट आहे, बिजागरीवर उघडतं, बाहेरून कडी आहे. ससे त्यावर चढून बसतात, टेहळणी करतात, तेव्हा झाकण मजबूतच हवं.

पेटीला तळ नाही. हे मी मुद्दाम केलं. तळाची फळी मुताने भिजून कुजते आणि वास घराबाहेर जात नाही. बिनतळाची पेटी उचलली, खालची चटई बदलली, काम संपलं.

उणिवा आहेत, त्याही लिहिते. पेटी जड आहे, एकट्या बाईला उचलून बाजूला ठेवणं अवघड जातं. गुळगुळीत फरशीवर ती सरकायची. बोंडने आतून उडी मारली की कर्रर आवाज व्हायचा आणि त्या आवाजानेच कळणी दचकायची. आता पेटी दोन भिंतींच्या कोपऱ्यात घट्ट बसवली आहे, तेव्हापासून सरकत नाही. पावसाळ्यात झाकण फुगलं आणि कडी लागेना. ते झाकण मिस्तरींनी पैसे न घेता घासून दिलं. आणि मुख्य गोष्ट, पेटीने आवाज थांबत नाही. पाऊण इंची लाकूड सुतळी बॉम्ब अडवू शकत नाही. कोणी तुम्हाला "साउंडप्रूफ" म्हणून सशाचं घर विकत असेल तर सांभाळून, कारण खरोखर आवाज बंद करायचा तर हवाही बंद करावी लागेल, आणि ससा गुदमरेल. पेटीचं काम अंधार देणं, उजेडाचे लखलखाट अडवणं, पाठीला भिंत देणं एवढंच आहे. पाचपैकी साडेचार गुण मी देते, अर्धा गुण वजनासाठी कापला.

मी घरी शिवणकाम करते, म्हणून पेटीवरचं पांघरूण स्वतः शिवलं. आईची जुनी सुती लुगडी होती, त्यांचे दोन पदर जोडून जाड धावदोरा घातला, आपली नेहमीची गोधडी असते तसाच. मध्ये फोम नाही, सिंथेटिक भरण नाही. जळगावात कापूस घरोघरी मिळतो, पण तोही भरला नाही आणि आत अंथरला तर नाहीच. सशाला उलटी करता येत नाही. खाल्लेला कापूस, दोरे, स्पंज आतड्यात अडकला तर बाहेर यायला दुसरी वाट नाही. कडा आत दुमडून दुहेरी शिवल्या, एकही दोरा लोंबत ठेवला नाही. हे पांघरूण झाकण आणि तीन बाजू झाकतं, बाजूचं दार तेवढं मोकळं सोडून. पुढची बाजू उघडी. चारही बाजू झाकायचा मोह होतो, पण ससा घाम गाळून थंड होत नाही, त्याची उष्णता बरीचशी कानांवाटे जाते. दिवाळीतही आपल्याकडे बंद खोलीत चांगलं उकडतं. मी अधूनमधून दारातून हात घालून बघते. आत हवा कोंदट लागली की पांघरुणाची एक बाजू वर टाकते.

आवाजाचा भार खरा कमी केला तो कूलरने. खान्देशात कूलर नसलेलं घर विरळाच, आणि दिवाळीपर्यंत तो अजून खिडकीतच असतो. पाणी काढून टाकलं, पंप बंद, नुसता पंखा. त्या एकसुरी घरघरीत बाहेरचा फटाका एकदम अंगावर येत नाही, घरघरीच्या वर जेवढा उरतो तेवढाच ऐकू येतो. वारा थेट पेटीवर येणार नाही असा कूलर वळवायचा. सवय मात्र आधीपासून लावायला हवी, मी दसऱ्यापासून रोज संध्याकाळी थोडा वेळ लावत गेले. दिवाळीच्या दिवशी अचानक कूलर लावला तर तोही सशाला नवा राक्षसच. जोडीला रेडिओ, आकाशवाणी जळगाव, हळू आवाजात. बोलण्याचा आवाज त्यांना माझ्या मशीनसारखाच ओळखीचा वाटतो, असं मला जाणवतं.

खोली मधली. रस्त्याकडची खिडकी बंद, तिच्यावर जाड चादर. दिवा चालू ठेवायचा, अंधाऱ्या खोलीत बाहेरचा लखलखाट जास्त दचकवतो. मागची झडप थोडी उघडी, कारण ससा नाकानेच श्वास घेतो आणि धुराचा त्याला फार त्रास होतो. त्या खोलीत उदबत्ती नाही, धूप नाही. दिव्यांच्या माळा तर मुळीच नाहीत. ससा वायर एका चाव्यात तोडतो.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ डोळ्यांसमोर आहे. सुप्रीम कोर्टाने 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात दिवाळीला रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली होती. आमच्या गल्लीत साडेसहालाच पहिली लड लागली. म्हणून कोणाच्या घड्याळावर विसंबू नका, ससे उजेड असतानाच आत घ्या, खाणं-पाणी आधी करा. पहिल्या आवाजाला कळणी मागच्या दोन पायांवर उभी राहिली, कान ताठ, मग एकदा पाय आपटला आणि बाजूच्या दाराने आत. बोंड तिच्या मागे. मी जमिनीवर पालथी पडून पुढच्या दारातून बघितलं. दोघं मागच्या कोपऱ्यात एकमेकांना लागून, कान पाठीवर चपटे, डोळे मोठे. सशाचं नाक जागेपणी सतत हलत असतं ना, ते दोघांचंही थांबलेलं होतं. मी काही केलं नाही. हात घातला नाही, नाव घेऊन हाका मारल्या नाहीत. मशीनवर बसून एका ब्लाऊजच्या बाह्या लावत राहिले. बऱ्याच वेळाने पुन्हा वाकून पाहिलं तेव्हा बोंडचं नाक हलायला लागलं होतं. मग दाराशी ठेवलेल्या गवताची एक लांब काडी हळूहळू आत सरकायला लागली, टोकाकडून कमी कमी होत गेली आणि नाहीशी झाली. बाहेर लड चालूच होती. माझे पैसे त्या क्षणी वसूल झाले.

रॉकेटची शिट्टी मात्र त्यांना बॉम्बपेक्षा वाईट लागते असं माझं निरीक्षण आहे. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, सशाला 42,000 च्या आसपास. त्या बारीक आवाजात त्यांना काय काय ऐकू येत असेल, कल्पना करवत नाही. फटाक्यांना आपल्याकडे चार मीटर अंतरावर 125 डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. ती पाळली तरी आमच्या गल्लीची पूर्ण रुंदीही चार मीटर नाही. रात्री 10 नंतर कोणी थांबतच नसेल तर 112 ला फोन करता येतो. पण मला जास्त उपयोग झाला तो आधी जाऊन बोलण्याचा. समोरच्या काकूंच्या नातवंडांना मी बोंड आणि कळणी दाखवले, "तुम्ही लड चौकात लावा, इथे फुलबाजी लावा" म्हटलं. पोरांनी ऐकलं. वाकायला आणि विनवायला लाज कसली, जीव सशांचा आहे.

शांत करणाऱ्या थेंबांबद्दल पण विचारलं जातं. नणंदेने एक बाटली मागवून दिली होती, साडेसहाशे रुपयांची. बाटलीवर कुत्र्या-मांजराचं चित्र, सशाचा उल्लेखच नाही. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी देऊ नका म्हणून सांगितलं, मी दिली नाही. घरात पडलेल्या माणसांच्या गोळ्यांचं तर नावच काढू नका. अमॉक्सिसिलिनसारखं साधं वाटणारं औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावतो.

खरा धोका फटाक्याच्या आवाजानंतर सुरू होतो, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. भीतीने ससा खाणं सोडतो. सशाचं पोट सतत चालू राहायला लागतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं म्हणून तो आणखी खात नाही, आणि या चक्रात एक-दोन दिवसांत जीव जातो. म्हणून पेटीच्या दाराशीच गवत ठेवायचं, बाहेर येऊन खायला लावायचं नाही. सशाच्या आहारात पाचातले चार हिस्से वाळलेलं गवतच हवं. ऑनलाइन टिमोथी नावाचं गवत मागवलं तर महाग पडतं, कळणी ते खाते, बोंड हुंगून सोडतो. मी खेड्यावरून मारवेलचं वाळलेलं गवत आणते, स्वच्छ, बुरशी नसलेलं, धूळ झटकून. दोघांना तेच आवडतं. भीती वाटत असताना तोंड चालू व्हावं म्हणून कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या वर ठेवायच्या. वासाने येतात. जळगाव म्हटल्यावर पाहुणे केळं पुढे करतात. एखादी पातळ चकती ठीक, अख्खं केळं नको, साखर जास्त होते. चिवडा, शेव, चकलीचा तुकडा अजिबात नको.

सकाळी उठल्यावर आधी लेंड्या बघा. मी झाडून कागदावर काढते आणि नेहमीइतक्या आहेत का, गोल आणि टणक आहेत का ते पाहते. बारीक झाल्या, एकमेकींना चिकटलेल्या आल्या किंवा आल्याच नाहीत, आणि ससा दहा-बारा तास खात नसेल, पाठ कमानीसारखी करून बसला असेल, तर वाट न पाहता डॉक्टर. आपल्याकडे बरेचसे दवाखाने गाई-म्हशी आणि शेळ्यांचे. सशाला हात लावणारा डॉक्टर कोण आणि पाडव्याच्या दिवशी फोन उचलतो का, हे आधीच विचारून ठेवा. एका ठिकाणी मला "ससा आम्ही बघत नाही" एवढं सांगून फोन ठेवून दिला होता. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी वीस मिनिटं समजावलं. तो नंबर आता फ्रिजवर चिकटवलेला आहे.

काही जण म्हणतात, दिवाळीपुरते खेड्यावर पाठवून दे. चोपड्याला माझं माहेर आहे, तिथे खरंच शांतता असते. पण गाडीतला प्रवास, अनोळखी वास, दारातली कुत्री, हे सगळं सशाला फटाक्यांइतकंच जड जातं. स्वतःचा वास असलेली जागा आणि जोडीदार सोबत असणं, याला मी जास्त मानते. घाबरलेत म्हणून दोघांना वेगळं तर कधीच करू नये. आणि खेड्यावरून आठवलं. कपाशीच्या रानात सापडलेलं पिल्लू "घ्या, तिसरा" म्हणून आणून देतात. तो रानससा वेगळा प्राणी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि घरात तो नुसत्या धास्तीनेही मरतो. जिथून उचललं तिथेच लगेच परत ठेवायचं. त्याची आई पिल्लाजवळ दिवसभर बसत नाही, अधूनमधून येऊन पाजून जाते.

पेटी बाकी वर्षभरही वापरात आहे. गणपतीच्या डीजेला झाली, उन्हाळ्यात 44 अंशांत मी तिच्यावर लुगड्याच्या पांघरुणाऐवजी ओलं गोणपाट टाकते आणि आत थंड फरशीचा तुकडा ठेवते. दारांच्या कडा आता चांगल्याच कुरतडलेल्या आहेत. त्या दिसायला वाईट, पण लाकूड साधं असल्याने मला काळजी नाही. मिस्तरी म्हणाले, कडा फार गेल्या तर तेवढी फळी बदलून देईन, दीड-दोनशेत होईल.

बनवून घ्यायची असेल तर घटस्थापनेच्या आधी सांगा. दसऱ्यानंतर सगळ्या मिस्तरींकडे देव्हारे आणि घरांच्या कामांची गर्दी असते, आणि पेटी धनत्रयोदशीला हातात आली तर सशाला ती परकीच वाटते. त्याने आधी तिच्यात झोपायला, तिला हनुवटी घासायला, तिच्यावर चढायला हवं. कोणत्याही गावच्या सुताराला हे माप चालेल: एका सशाला दोन फूट बाय सव्वा फूट पुरतं, जोडीला अडीच बाय दीड. आंबा नसेल तर बाभूळही चालते, फक्त आणखी जड होते. वजन कमी हवं असेल तर झाकण वेगळं उचलता येईल असं करून घ्या, मी पुढची करीन तेव्हा तशीच सांगणार आहे.